चिमटा

गौराबाईने तान्ह्या गजाचा पाय उजेडाकडे धरला. पोटरीवर चिमट्याचा निळसर डाग उमटला होता.

"तू घेतलास?" तिने विचारलं.

दारात उभ्या असलेल्या चिंधीने मान हलवली. हो म्हणाली, पण का ते सांगितलं नाही. गौराबाईने तिच्या पाठीत धपाटा घातला, तरी पोरगी रडली नाही. रडून लाल झालेल्या भावाकडे तेवढी बघत राहिली.

गौराबाईला या पोरीची भीती वाटायची. आईला सात वर्षांच्या लेकीची भीती वाटते, हे सांगायचं तरी कुणाला? नवरा बुधाजी खोपोलीच्या कारखान्यात लागला होता, रविवारचा तेवढा घरी यायचा. सासू येसूबाईचा तर नातीवर फार जीव.

गजाच्या आधी एक मुलगा झाला होता, नागू. तो गेला तेव्हा चिंधीला पाचवं लागलं होतं. पळसदरीच्या धरणाखालच्या खाचरांत भाताची लावणी चालू होती. गौराबाई बाळंतपणातून नुकतीच उठलेली, तरी सकाळपासून चिखलात वाकली होती. दुपारी घरी आली, नागूला पाजलं, झोळीत घातलं आणि मेल्यासारखी झोपली. तिला आठवत होतं ते एवढंच. जाग आली ती सासूच्या हंबरड्याने. जमिनीलगत टांगलेल्या झोळीत नागू निपचित पडला होता आणि त्याच्या तोंडावरून गोधडी पांघरलेली होती. शेजारी चिंधी बसून होती.

गोधडी कुणी टाकली, असं विचारल्यावर तिने सरळ सांगितलं, "मी."

लेकराला काय कळतंय, असं सगळी आळी म्हणाली. बुधाजीने पोरीला शब्दानेही दुखवलं नाही. गौराबाईनेही तेव्हा हात उगारला नाही. पण त्या दिवसापासून चिंधीची वेणीफणी करणं, तिला कुशीत घेणं आपोआप येसूबाईकडे गेलं. झोपेत पोरीचा हात अंगावर पडला की गौराबाई तो उचलून बाजूला ठेवायची.

मोठी होईल तशी समज येईल, केल्याचं वाईट वाटेल, अशी तिला आशा होती. गजा झाला आणि तीही गेली. चिंधी त्याला कधी मांडीवर घेत नसे, खेळवत नसे. पण गौराबाई त्याला पाजायला आडवी झाली की कुठूनतरी येऊन उंबऱ्यावर बसायची आणि टक लावून बघायची. मायलेकरांचा जरा डोळा लागतोय, तोच भांडं आपटायची, नाहीतर दाराची कडी वाजवायची. गजा दचकून रडायला लागायचा. रागावलं की पोरगी खाली बघायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायची. आता चिमट्यांवर आली होती.

शेजारच्या मोतीबाईने तर तोंडावर सांगितलं, पोरीच्या पोटात दुस्वास हाय, जप गं बाई.

त्याच आठवड्यात गौराबाई चुलीपुढे भाकरी थापत असताना चिंधी आपणहून जवळ येऊन बसली. कितीतरी दिवसांनी अशी आली होती. तिच्या गालाला राख लागली होती. गौराबाईच्या मनात काय आलं कोण जाणे, तिने ती पुसायला हात पुढे केला.

"आई, ह्यो बाळ पण मेला तर तू काय करशील गं?" चिंधीने विचारलं.

गौराबाईचा हात तसाच मागे आला.

बुधाजी आल्यावर तिने सगळं त्याच्या कानावर घातलं. ही दोघं एका छपराखाली नकोत, उद्या काही झालं तर मी विहीर जवळ करीन, म्हणाली.  बुधाजीने नेरळला मेहुण्याला निरोप धाडला. नवशाला मूलबाळ नव्हतं, त्याची बायको पोरीला ठेवून घ्यायला कधीची तयार होती. येसूबाईने मात्र ताटाला हात लावला नाही.

नवशा न्यायला आला त्या सकाळी गौराबाईने चिंधीचे परकर गाठोड्यात बांधले. मामीचं ऐकायचं, तिथे शाळेत जायचं, असं बजावलं.

"मी परत कदी येऊ?"

"गजा मोठा झाला का."

"चालाया लागला का?"

"बघू."

चिंधीने मान हलवली. याही वेळी तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. दगड आहे हा, असं गौराबाईला वाटलं आणि तसं वाटल्याने जरा बरंही वाटलं.

नवशा अंगणात चहा पीत होता. गजा कुरकुरायला लागला तसं त्याचं निमित्त करून गौराबाई आत गेली आणि त्याला पाजत आडवी झाली. पोरगी निघताना तिला समोर यायचं नव्हतं. मळणीच्या कामाने अंग आंबून गेलं होतं. डोळे आपोआप मिटायला लागले. आजपासून कुणी भांडी आपटणार नव्हतं.

कुडापलीकडे पडवीत येसूबाई नातीची वेणी घालत होती. म्हातारीला कमी ऐकू यायचं, म्हणून चिंधी मोठ्याने बोलत होती.

"आजी, आई गजाला घेऊन आडवी झाली का तू तितनं हलू नको. तिचा डोळा लागला का तिला उठव. नायच उठली तर गजाला चिमटा घे, तो रडला का ती उठते."

म्हातारीने काहीतरी विचारलं.

"नागूच्या येळंला मी तिला लय हलवली, ती उठलीच नाय. तो तिच्या अंगाखाली व्हता. मीच वढून काढला न् झोळीत ठेवला. पण तू आईला सांगू नको हां. तिला म्हाईत नाय."