उघडी पाठ

सहाव्या पुस्तकाशी उस्ताद थांबले. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं आणि काही पडलंय का म्हणून टेबलाखालीही पाहिलं.

"याचं कातडं कुठंय?"

"चढवलं नाही," ते बांधणारी मुलगी म्हणाली.

बाकीची पाच पुस्तकं शेजारी ओळीने उभी होती, तपकिरी, नव्या बुटांसारखी चकाकत. हिच्या पुस्तकाला दोन बाजूंना दोन पुठ्ठे आणि पाठ उघडी. दुमडलेल्या पानांचे सोळा जुज आणि त्यांना एकत्र धरणारा दोरा, टाक्यामागे टाका, सगळा डोळ्यांसमोर.

उस्तादांचं खरं नाव परदेशी, जिभेला न वळणारं. 'उस्ताद' हे शिकायला आलेल्या सहा जणांनीच पाडलेलं. चार आठवडे जुनी बांधणी शिकून झाली होती. आज सह्यांचा दिवस. त्यांच्या सहीचं प्रमाणपत्र दाखवलं तरच पुढच्या शहरातले हातकागद करणारे शिकायला दारात उभं करणार होते. सही नाही, तर घरी.

"विसरलीस?"

"नाही. मुद्दामच."

"अगं पोरी," सहा जणांत वडील असलेले काका पुढे झाले, "हत्ती गेलाय, शेपटासाठी अडून बसू नकोस. तासाभराचं काम. मी सरस गरम करून देतो." काकांनी उभा जन्म मुद्रितं तपासली होती. दुसऱ्यांच्या चुका काढून झाल्या, आता स्वतःच्या करतो, असं तेच सांगत.

"काका, कालचा सरस अजून तुमच्या तळहाताला चिकटतोय. तो आधी काढा."

उस्तादांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे चौकटींत त्यांच्या घराण्यातले सात बांधणीकार ओळीने लावलेले. सगळे मिशाळ, सगळे गंभीर.

"यांच्यातल्या एकानेही उघडं पुस्तक हातातून जाऊ दिलं नाही. शिवण म्हणजे नुसती तयारी. बांधणी कातड्यापासून सुरू होते."

"यांची पुस्तकं शिवली कोणी?"

"घरच्या बायकांनी. आणखी कोण शिवणार?" त्यांनी हनुवटीने खिडकीकडे दाखवलं.

खिडकीशी त्यांची थोरली बहीण शिवत बसली होती. उस्तादांची बहीण म्हणून सगळे तिला आत्या म्हणत. चार आठवड्यांत तिची ओळख कोणी करून दिली नव्हती, आणि तिला तिच्या भाषेखेरीज दुसरी येत नव्हती.

टेबलावर दोऱ्याला लावायच्या मेणाचा एक गोळा होता. दोरा ओढून ओढून त्याला खोल खाचा पडल्या होत्या. मुलीने तो उचलून मुठीत घेतला.

"माझ्या आईने चाळीस वर्षं हेच केलं, उस्ताद. छापखान्यातून गठ्ठे घरी यायचे, शिवून परत जायचे. वर कापड चढायचं, आत बांधणाऱ्याचा शिक्का बसायचा. पाच महिन्यांपूर्वी गेली. तुमच्या हिशेबाने तयारीतच गेली." तिचा आवाज चढला नाही. "हे मी झाकणार नाही."

"मग सही नाही."

"नको."

काकांनी कपाळाला हात लावला. तळहाताचा सरस आता कपाळालाही लागला.

तिने काकांचं पुस्तक घेतलं, मधोमध उघडलं आणि हात काढला. पानं उभी राहिली, डुलली आणि पटकन मिटली. मग तिने आपलं उघडलं. ते टेबलावर सपाट पसरलं आणि तसंच राहिलं.

"पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलंत. हात काढल्यावर मिटलं तर बांधणाऱ्याचं चुकलं."

उस्तादांनी त्या पानांवर बोट टेकवून पाहिलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण पुरं नाही." त्यांनी पेनाला टोपण लावलं.

खिडकीपाशी खुर्ची सरकली. आत्या उठून आली. तिने ते पुस्तक उचललं, मिटलं आणि पाठीवरून अंगठा फिरवत नेला, सावकाश, एकेका जुजावरून. एका जागी अंगठा थांबला. तिने तीन बोटं दाखवली आणि तिसऱ्या जुजावर नखाने टकटक केलं.

मुलगी वाकली. दोरा तिथे सैल पडला होता. केसभर.

"हो गं आत्या," ती आपल्याच भाषेत म्हणाली. "तिथे हात ढिला पडला."

आत्याने मान डोलावली. तिला ते कळलं असावं. खिडकीशी परत जाताना तिने दुसरी एक खुर्ची पायाने ओढून आपल्या शेजारी घेतली.

मुलगी आपलं पुस्तक, मेणाचा गोळा आणि सुई घेऊन तिथे जाऊन बसली आणि तिसऱ्या जुजापर्यंतचा दोरा उसवू लागली.

उस्ताद खिडकीलगतच्या ओट्याकडे वळले. आत्याने सकाळपासून शिवलेल्या पुस्तकासाठी कातडं खळ लावून तयार होतं. त्यांनी पुस्तक घ्यायला न बघताच मागे हात केला, रोजच्यासारखा.

हात रिकामाच राहिला.

ते वळले. आत्याने आपलं पुस्तक उभं धरलं होतं, पाठ उजेडाकडे करून, आणि डोळे बारीक करून ती टाके बघत होती. पहिल्यापासून.

"दे," उस्ताद म्हणाले.

तिने वर पाहिलं नाही. ओट्यावरचं कातडं कडेने वाळू लागलं होतं.