चौथी बॅग

हेमाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला दोन दिवस हैदराबादला जायचं ठरलं, तेव्हा चौघी मैत्रिणींपैकी वृषालीला विचारायचंच नाही, हे हेमानंच सुचवलं. अंथरुणाला खिळलेल्या सासूला सोडून वृषाली दहा वर्षांत कुठंच आली नव्हती. दर वेळी नाही म्हणताना तिचा चेहरा एवढासा व्हायचा. उगाच जखमेवर मीठ कशाला? म्हणून बाकी तिघींचा वेगळा ग्रुप झाला, तिकिटंही तीनच निघाली.

निघायच्या आदल्या दिवशी मात्र हेमाला राहवेना. फोटो बघून कळण्यापेक्षा आपणच सांगावं, म्हणून ती वृषालीकडे गेली.

दार उघडलं ते वृषालीच्या नणंदेनं. आत सासूबाईंच्या पलंगाशेजारी एक नवीकोरी बॅग भरून उभी होती आणि ओट्यापाशी वृषाली दशम्या लाटत होती.

"ये गं! वन्सं मुद्दाम आल्यात आईंजवळ राहायला. मीच बोलावून घेतलं."

वाटेत घोळवलेलं वाक्य हेमा विसरूनच गेली. "का गं?" एवढंच तिनं विचारलं.

"पुरे आता सोंग! पंधरा दिवस ग्रुपवर तुम्ही तिघी चिडीचूप. तेव्हाच ओळखलं, वाढदिवसाला मला गुपचूप कुठंतरी न्यायचं यांचं शिजतंय."

एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं आपलं! हेमाला मान वर करवेना.

पिठाचे हात झटकत वृषाली हसली. "तुझी पन्नाशी माझ्याशिवाय होईल होय? कुठं जायचं ते नको सांगूस, गाडीत बसल्यावर कळू दे. फक्त किती वाजता निघायचं, तेवढं सांग."