तिघींचं दूध

पट्टीवर दुसरी रेघ उमटली आणि क्रांतीनं अशी आरोळी ठोकली की वाघरीच्या जाळीतली कोकरं चारी दिशांना उधळली.

"गाभण! आये, काजळी गाभण हाय! दोन रेघा म्हंजे गाभण!"

गुरांच्या दवाखान्यातल्या मॅडमनी तिला ही एकुलती एक पट्टी दिली होती. दुधाचे चार थेंब टाकले की पोटातलं कळतं. म्हसवडच्या बाजाराला निघालेला भाऊसो व्यापाऱ्याचा टेंपो फळी पाडून उभाच होता. फळल्या नाहीत असं वाटणाऱ्या तीन मेंढ्या त्यात चढायच्या होत्या. त्यातली एक काजळी, क्रांतीनं बाटलीनं दूध पाजून जगवलेली.

तिची आई लीलाबाई हातातल्या तांब्याकडं बघत राहिली. "एकट्या काजळीचं कुटं गं? तिगींचं हाय ह्यात. रोज एकाच तांब्यात पिळते की मी."

"मग परत पीळ!"

"कोकरं लुचून गेली. थेंब न्हाई उरला. आन् पट्टी तरी कुटं हाय दुसरी?"

क्रांतीचा चेहरा खर्रकन उतरला.

भाऊसो खो खो हसला. "काय डाक्टरीनबाई? सांगा आता, तिगींतली कंची?" पण पोरीचे डोळे भरलेले बघून त्यानं हसू आवरलं. "बरं, रडू नगंस. तुझी काजळी ऱ्हाऊ दे. दोन भरतो आन् जातो. काय वैनी?"

"पट्टी तिची," लीलाबाई म्हणाली. "ती म्हनंल तसं."

नुसती मान हलवली असती तरी काजळी वाचली असती. क्रांतीनं मान वळवली. उरलेल्या दोघी रवंथ करत निवांत उभ्या होत्या.

"तिगी बी ऱ्हातील, काका."

"आगं, गाभण एखादीच आसंल की!"

"व्हय. पर तीच तुमच्या टेंपोत चढली तर?"

भाऊसोनं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"च्या टाकते, घिऊन जा," लीलाबाई त्याला म्हणाली आणि वाघरीचं तोंड मोकळं केलं.

मेंढ्या एकमेकींना ढुशा देत माळाला लागल्या. क्रांती दगडावर चढून बघत राहिली. पाठमोऱ्या कळपात काजळी कुठली, ते तिला काही केल्या ओळखू येईना.