फाट्यावरचे तीन दगड

"नेलं असेल," दुकानवाली म्हणाली. "मागच्या फळीवर तर दिसत नाही."

काउंटरवर हात टेकून तो तसाच उभा राहिला. सॅक पाठीवरून उतरवायचंही त्याला सुचलं नाही. ते पार्सल नवरा-बायकोने मिळून भरलं होतं, निघण्याआधी, घरच्या जेवणाच्या टेबलावर. पुढच्या आठवड्याचं खाणं, कोरडे मोजे, तिच्या गुडघ्याचा पट्टा. डोंगरवाटेवरच्या या गावात लांब पल्ल्याच्या वाटसरूंची पार्सलं सांभाळणारं हे एकच दुकान होतं. आणि बायकोने पार्सल परस्पर उचललं होतं.

"माझ्यासाठी काही ठेवून गेली का? निदान बिस्किटाचा पुडा?"

"सकाळी दुकानात माझे दीर होते. ते आले की विचारते."

"विचारायचं काय त्यात," तो म्हणाला. बायकोचा स्वभाव त्याला तोंडपाठ होता.

शेगडीजवळच्या बाकावर एक दाढीवाला तरुण पायाला पट्टी बांधून बसला होता. सतत शिट्टी वाजवायचा म्हणून वाटेवर त्याला सगळे शिट्टीच म्हणत. मागे राहिलेल्या धाकट्या भावाची तो वाट बघत होता. त्याने सरकून जागा करून दिली, चहा पुढे केला, आणि मग त्याला सगळं ऐकून घ्यावं लागलं.

भांडण काल सकाळी झालं होतं, तंबू गुंडाळता गुंडाळता. तू कधी थांबत नाहीस, ती म्हणाली होती. लग्न झाल्यापासून मी तुझी पाठच बघत आलेय. यावर तो सरळ चालू पडला होता, अर्थात पुढे.

"मी थांबत नाही म्हणे," तो म्हणाला. खिशातला लायटर काढून तो उगाचच पेटवत, विझवत होता. "आता बघा कोण थांबलं नाही ते."

नियमही तिचाच होता. जो फाट्यावर आधी पोचेल आणि पुढे जाईल, त्याने एकावर एक तीन दगड ठेवायचे. दगड नसतील तर दुसरा अजून यायचाय. तिथेच बसून राहायचं. काल फाट्याच्या अलीकडे तो पाण्यासाठी वाटेखालच्या झऱ्यावर उतरला. करंगळीएवढी धार, बाटल्या भरता भरता बराच वेळ गेला. वर येऊन फाट्यावर पोचतो तर तीन दगड तयार. त्याच्या डोक्यावरून बाईसाहेब निघून गेल्या होत्या, साधी हाकही न मारता. त्याने ते दगड लाथेने दरीत उडवले. दगडांचं तेवढं तो शिट्टीला बोलला नाही.

"आणि ओझ्याची वाटणी कशी, तर तंबू आणि लायटर माझ्याकडे, स्टोव्ह आणि सगळं खाणं तिच्याकडे. म्हणजे मी रात्रभर वर उपाशी, आणि ती इथे गावात गादीवर."

पोटात काही नसल्याने त्याला वाटेतच तंबू ठोकावा लागला होता. समोरच्या लॉजवर तो आधीच जाऊन आला होता. अशी कुणी आली नाही, तिथली मालकीण चादरी झटकत म्हणाली, त्याच्याकडे न बघता. शिकवून ठेवलेलं लगेच कळतं. बायकांची एकी अशा वेळी बरोबर होते.

दुकानवाली फडक्याने काउंटर पुसत होती. "काल रात्री वर बर्फ पडला ना, दादा?"

"मला काय विचारता? मी होतो त्या बर्फात. ती नव्हती."

फडकं तिथेच टाकून दुकानवाली माळ्याच्या शिडीकडे गेली.

शिट्टीने मान हलवली. माणसाने इतकं तोडून वागू नये, एवढंच तो म्हणाला. तेवढ्याने याला जरा बरं वाटलं. भेटली की काय काय सुनावायचं ते त्याने मनात जुळवून ठेवलं होतं, आणि या वेळी माफी ती मागेल, तो नाही, हेही ठरलं होतं.

दार ढकलून धाकटा भाऊ आत आला. टोपीवर, खांद्यांवर पांढरं साचलेलं.

"किती हा उशीर," शिट्टी म्हणाला. "खूण केली होती ना तुझ्यासाठी? फाट्यावर तीन दगड रचून आलो होतो."

"कुठले दगड? तिथे काही नव्हतं. मी पलीकडच्या वाटेलाच लागणार होतो. एक बाई बसल्या होत्या तिथे, त्यांनी ही वाट दाखवली." धाकटा शेगडीवर हात शेकत राहिला. "काल दुपारपासून बसल्यात. रात्र कपारीत काढली म्हणे. स्टोव्ह आहे, पण पेटवायला काही नाही. माझी काडेपेटी भिजलेली."

दुकानवाली शिडीवरून खाली आली. काखेत पार्सल होतं. "मागच्या भिंतीला ओल येते म्हणून दिरांनी माळ्यावर टाकलेलं. जसं आलं तसंच आहे, दोरीसुद्धा सुटलेली नाही."

त्याच्या हातातला लायटर पेटलेलाच राहिला.

"मी म्हटलं, मावशी, गारठून जाल, चला माझ्याबरोबर खाली," धाकटा सांगत होता. "तर म्हणाल्या, दगड नाहीत म्हणजे आमचे हे अजून मागेच आहेत. येतील, आणि मी दिसले नाही, तर त्यांना वाटेल मी थांबले नाही."