भिंतीची उजळणी

जुळ्या बहिणी म्हणजे दोन देह आणि एक जीव, असं त्यांची आई चारचौघांत अभिमानानं सांगे. सोमवारी जीवशास्त्राच्या एकुलत्या पुस्तकावरून दोघींनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या, तेव्हा आईनंच सुरीनं पुस्तकाचे दोन भाग केले. पेशीची रचना थोरलीला, पेशीविभाजन धाकटीला मिळालं. तेव्हापासून बोलणं बंद. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी धाकटीला राहवेना. विभाजनावर दहा गुणांचा प्रश्न ठरलेला. थोरली हमखास गटांगळी खाणार. पण आपणहून बोलायचं म्हणजे कमीपणा घेणं. ती थोरलीच्या खोलीच्या भिंतीला टेकून ओरडू लागली, “मध्यावस्थेत गुणसूत्रं मधोमध येतात!” स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “मला कशाला सांगतेस, बाई?” “तुला नाही, भिंतीला!” चारही अवस्था तिनं तीनतीनदा, सावकाश म्हटल्या. घसा बसल्यावर तिनं दार हळूच ढकललं. थोरली दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून पाठांतर करत होती.