जास्तीचा तुकडा

"काढला? कुणाला विचारून काढलात?" तिचा आवाज असा चढला की शेजारचं गिऱ्हाईक मान वळवून बघायला लागलं.

लॅपटॉपची बॅटरी भराभर उतरत होती, म्हणून तिने तो दुकानात टाकला होता. टाकताना चांगलं बजावलं होतं, फक्त बॅटरी बदला, बाकी कशाला हात लावायचा नाही. असल्या दुकानांत चांगले भाग काढून घेतात आणि भंगार बसवतात, हे तिने ऐकलं होतं. आणि आता हा दुरुस्तीवाला खुशाल सांगत होता, आतला एक तुकडा काढून ठेवलाय. पुस्तकांची मुद्रितं तपासायचं तिचं सगळं काम त्याच लॅपटॉपवर चालायचं.

"होता तसा परत बसवा. आत्ताच्या आत्ता."

गिऱ्हाईक जाईपर्यंत दुरुस्तीवाला थांबला. मग ड्रॉवरमधून बोटाच्या पेराएवढी एक पट्टी काढून त्याने काउंटरवर ठेवली.

"मॅडम, हा लॅपटॉपचा भागच नाही. माइक आहे. तुमची बॅटरी हाच खात होता. आत सिमकार्ड आहे. ज्याच्याकडे याचा नंबर असेल, तो फोन लावून तुमच्या खोलीतलं बोलणं ऐकू शकतो." तो जरा घुटमळला. "याआधी कुणी उघडला होता हा?"

तिला आठवलं. आतला पंखा फार घरघरतो म्हणून नवऱ्यानेच मागच्या वर्षी तो मित्राच्या दुकानातून साफ करून आणला होता. आपणहून. किती काळजी आहे माझी, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

त्यानंतरच ते घडलं. दार लावून घेऊन ती फोनवर ताईजवळ रडली होती. याच्या धाकात जीव गुदमरतो, मला वेगळं राहायचंय. दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने तिचेच शब्द तिच्या तोंडावर फेकले. मी नाही सांगितलं, म्हणत ताईने पोराची शपथ घेतली, गयावया केली. हिने ऐकून घेतलं नाही. घरभेदी म्हणाली तिला. तेव्हापासून दोघी बहिणींचं बोलणं तुटलं होतं.

तिथेच उभ्या उभ्या तिने फोन लावला.

"ताई, तू नव्हतं गं सांगितलंस."

पलीकडे ताई रडायलाच लागली. मग नाक ओढत म्हणाली, "कुठे आहेस? गाडी घेऊन निघते मी."

ती वळली, तर दुरुस्तीवाला ती पट्टी चिमटीत धरून उभा होता.

"या वेळी विचारून करतो," तो म्हणाला. "फेकून देऊ, की पोलिसांना दाखवायला ठेवू?"

तिने डोळे पुसले.

"परत बसवा," ती म्हणाली. "मी माझं सामान बाहेर काढेपर्यंत घर त्याला रोजच्यासारखंच ऐकू आलं पाहिजे."