मशीनचे तास

सोलर बसवायला आलेल्या लुपेने घरगाडीच्या पायरीखालच्या कप्प्यातून दुसरी जुनी बॅटरी ओढून वाळूवर ठेवली, तिला मीटर लावला आणि मान हलवली.

"मॅडम, या तर कधीच संपल्यात. हिवाळा काढलात कसा तुम्ही?"

"चालत होत्या की," आर्डिस दारातून म्हणाली. "तुझा नंबर लागेपर्यंत फेब्रुवारी उजाडला, पण आमचं काही अडलं नाही."

टपावर नवे सोलर पॅनेल बसले होते. लिथियमच्या बॅटऱ्या अजून खोक्यात होत्या. आर्डिसचा नवरा ऑर्विल गाडीला लावलेल्या कापडी छताच्या सावलीत खुर्ची टाकून बसला होता. सकाळपासून तो लुपेशी गप्पा मारत होता. आता एकदम गप्प झाला.

लुपेने वही काढली. "रात्री काय काय चालतं गाडीत?"

"हीटरचा पंखा. आणि ह्याचं ऑक्सिजनचं मशीन. डॉक्टरांनी रात्रभर लावायला सांगितलंय."

लुपेची पेन्सिल थांबली. "रात्रभर? या बॅटऱ्यांवर?"

"मी स्वतः लावते, नऊ वाजता. सकाळी उठते तेव्हा चालूच असतं."

"दोन तास चालेल, मॅडम. फार तर अडीच. जनरेटर लावत होता का?"

"या तळावर रात्री दहानंतर बंदी आहे."

लुपेने ऑर्विलकडे पाहिलं. तो बुटातली वाळू झटकत होता.

आर्डिस आत गेली. मशीन पलंगाशेजारी, ऑर्विलच्या बाजूला होतं. पाठीमागे एक छोटा मीटर होता, मशीन एकूण किती तास चाललं ते दाखवणारा. नोव्हेंबरात मशीन देताना दुकानातल्या माणसाने आकडा चिठ्ठीवर लिहून तिथेच चिकटवला होता: १२०६. इतक्या दिवसांत तिने तो कधी पाहिला नव्हता. शंभर रात्री झाल्या होत्या. मीटरवर १३०६ होते. म्हणजे रात्रीला फक्त एक तास.

तिने चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. मग पलंगाच्या कडेवर बसली.

ऑर्विल हळूहळू पायरी चढून दारात आला. एवढ्यानेच त्याला धाप लागली.

"तू बंद करायचास," ती म्हणाली.

"तू झोपताना कानातली ऐकायची यंत्रं काढून ठेवायचीस. मग तुला काय कळणार? पहाटे पुन्हा लावायचो."

"का?"

"रात्रभर चालवलं असतं तर बाराच्या आत सगळं बंद. हीटरसुद्धा. तू गारठून उठली असतीस आणि सकाळी गाडी थेट घरी, मिनेसोटाच्या बर्फात वळवली असतीस."

"वळवलीच असती!"

"म्हणून. तिथे तुला झोप लागत नाही, आर्डिस. इथे घोरतेस. मी ऐकत पडायचो." तो हसायला गेला, खोकला. "एका हिवाळ्याचा तर प्रश्न होता."

"सकाळी तुझे ओठ निळे असायचे." "मला वाटलं, थंडीने. मी तुला मफलर गुंडाळत होते, ऑर्विल. मफलर!"

तो तिच्याजवळ बसायला आला, तर तिने हात आडवा केला. बाहेर लुपेचा पाना कुठेतरी खणखणत पडला.

चार वाजता लुपेने हाक मारली. "आता लावून बघा. रात्रभर चालवा, दिवसभर चालवा."

आर्डिसने भर उन्हात मशीन सुरू केलं. नळी त्याच्या कानांवरून घेतली, नाकाशी नीट बसवली. दुसऱ्यांदा बसवावी लागली. कितीतरी वेळ ती त्याच्या ओठांकडे पाहत राहिली.

मग तिने त्याची उशी उचलली आणि खिडकीच्या बाजूला फेकली. स्वतःची मशीनशेजारी, बटणाच्या बाजूला ठेवली.

"अगं, पण खिडकीजवळ मला गारठा..."

"सरक," ती म्हणाली.